कपाशीला उचलण्याची गरज

घरात पाळलेला ससा उचलून घेऊ देत नाही, हात पुढे केला की पळतो आणि पकडलाच तर मागच्या पायांनी ओरखडे काढतो, अशी तक्रार ससा पाळणाऱ्या बहुतेक घरांत ऐकू येते आणि तिच्या शेवटी ‘आमचा ससा रागीट आहे’ असा निकालही बहुधा दिलेला असतो. आमच्या अमळनेरच्या घरी कपाशी आली तेव्हा तिच्याबरोबर हाच निकाल आला होता. ती आधी ज्यांच्याकडे होती ते कुटुंब दुसऱ्या गावी राहायला जाणार होते आणि तिला सांभाळणारे कोणीतरी हवे होते. दिवाळी होऊन गेली होती, शिवारात कापसाची वेचणी चालू होती, आणि पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची, साधारण वर्षभराची ही मादी फुटलेल्या बोंडासारखी दिसते म्हणून माझ्या मुलीने तिचे नाव कपाशी ठेवले.

तिच्याबरोबर तारेच्या जाळीचा एक पिंजराही आला. त्याचे दार उघडून हात आत गेला की ती मागच्या कोपऱ्याला चिकटून बसे, कान पाठीवर सपाट करी, घशातून गुरगुरे आणि तरीही हात पुढे सरकला तर पुढच्या पंजांनी त्यावर झडप घाली. आधीच्या घरी लहान मुले तिला दिवसातून अनेकदा उचलून घेत असत. कधी पुढच्या पायांखाली हात घालून, मागचे धड खाली लोंबकळत ठेवून, तर कधी थेट कान धरून. हे त्यांनीच आम्हाला मोकळेपणाने सांगितले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. सशाला कानांनी धरून उचलायचे असते ही समजूत आपल्याकडे सर्वदूर आहे आणि आठवडे बाजारात ससे विकणारे लोकही तसेच धरतात. कानांत मात्र रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते, ते फार नाजूक असतात आणि संपूर्ण शरीराचा भार पेलण्यासाठी ते बनलेलेच नाहीत.

ससा उचलू का देत नाही, याचे उत्तर त्याच्या स्वभावात शोधण्याआधी त्याच्या शरीरात शोधावे लागते. ससा हा शिकार करणारा प्राणी नाही, शिकार होणारा प्राणी आहे. पाळीव ससा कोणत्याही रंगाचा असो, तो मूळचा स्पेन आणि पोर्तुगाल या प्रदेशातल्या, जमिनीत बिळे करून राहणाऱ्या युरोपीय रानसशाचा वंशज असतो. आपल्या शिवारात आणि सातपुड्याच्या पायथ्याशी संध्याकाळी झेपा टाकत जाणारा ससा त्याहून निराळ्या जातीचा आहे, तो बिळे करत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो संरक्षित असल्यामुळे त्याला घरी आणून पाळता येत नाही. या दोघांमध्ये कितीही फरक असला तरी एक गोष्ट दोघांच्याही अंगात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे: वरून काहीतरी झेपावले, अंगाला विळखा पडला आणि पाय जमिनीवरून सुटले, तर तो गरुडाच्या नाही तर कोल्ह्याच्या तोंडचा घास झालेला असतो. आपण प्रेमाने वाकून दोन्ही हातांनी त्याला उचलतो तेव्हा त्याच्या बाजूने घडणारी घटना अगदी हीच असते.

त्यात त्याची हाडे. मांजराच्या सांगाड्याचे वजन त्याच्या एकूण वजनाच्या साधारण १२ ते १३ टक्के असते. सशाचा सांगाडा मात्र ७ ते ८ टक्केच भरतो. इतक्या हलक्या हाडांना मागच्या पायांचे अतिशय ताकदवान स्नायू जोडलेले असतात. मागचे धड आधाराशिवाय लोंबकळत असताना ससा घाबरून जोरात लाथ मारतो, तेव्हा त्याच लाथेने त्याचा कमरेचा मणका मोडू शकतो आणि मागचे दोन्ही पाय कायमचे लुळे पडू शकतात. म्हणजे उचलताना ससा निसटून खाली पडणे हा एक धोका झाला. निसटू नये म्हणून त्याला घट्ट आवळून धरणे हा दुसरा, आणि तो पहिल्यापेक्षा कमी नाही. हे समजून घेतल्यावर ‘पकडून पकडून सवय होईल’ हा सल्ला, जो आम्हाला अनेकांनी दिला, मला मुळीच मान्य करता आला नाही.

कपाशीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचे एकाच वेळी दिसते, परंतु नाकाच्या अगदी पुढचा आणि हनुवटीखालचा थोडा भाग त्याच्या नजरेबाहेर राहतो. समोरून तोंडाजवळ आणलेला हात त्याला दिसत दिसत एकाएकी नाहीसा होतो आणि मग अंगाला लागतो. त्यातून लाल डोळ्यांच्या पांढऱ्या सशांमध्ये रंगद्रव्याचा अभाव असल्यामुळे त्यांची नजर इतर सशांहून अधू असते, आणि प्रखर उजेड त्यांना सहन होत नाही. कपाशी एखाद्या वस्तूकडे बघताना डोके डावीकडून उजवीकडे हलके डोलवत असे. पाहणाऱ्यांना ती चाळा करते आहे असे वाटायचे, पण ते अंतराचा अंदाज घेणे होते.

सर्वांत आधी आम्ही तिला धुळ्याच्या एका पशुवैद्यांकडे दाखवले. उचलण्याला विरोध करणाऱ्या सशाला कुठे दुखत तर नाही ना, हे पाहिल्याखेरीज त्याला काहीही शिकवायला जाऊ नये, असे मला आजही ठामपणे वाटते. ससा दुखणे लपवतो. रानात आजारी दिसणारा प्राणी प्रथम उचलला जातो, म्हणून लपवणे हेच त्याचे संरक्षण असते. डॉक्टरांनी तिचा पाठीचा कणा हलक्या हाताने चाचपला, दात पाहिले आणि मग मागच्या पायांचे तळवे उलटे करून दाखवले. तिथले केस झिजून कातडी लाल झाली होती आणि एका टाचेवर जखम धरू लागली होती. कुत्र्यामांजरांच्या पंजांना असते तशी गादी सशाच्या तळव्यांना नसते, तिथे फक्त दाट केस असतात, आणि तारेच्या जाळीवर सतत बसून ते केस जातात. अंग धरले की मागच्या पायांवर भार येतो, भार आला की दुखते. म्हणजे तिच्या विरोधाचा एक भाग निव्वळ वेदनेचा होता. जाळीवर लाकडी फळी आणि तिच्यावर गवताची जाड चटई अंथरायची, ती कोरडी ठेवायची आणि तळवे बरे होईपर्यंत उचलण्याचा विषयच काढायचा नाही, असे त्यांनी सांगितले.

त्या काळात एका संध्याकाळी मी आणि मुलगी कपाशीला पिंजऱ्याबाहेर कसे काढावे याचा खल करत बसलो असताना माझ्या सासूबाई, ज्या मूळच्या शिरपूरकडच्या आणि घरात अहिराणीच बोलतात, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “तिले उचलानी काय गरज शे?” प्रश्न साधा होता, पण माझ्यापुरता या साऱ्या प्रकरणाचा रोख त्याने बदलला. दिवसभरात आपण तिला नेमके कशासाठी उचलू पाहतो, हे मी त्यानंतर मोजदाद करावी तसे पाहू लागले. पिंजरा झाडण्यासाठी, ती बाहेर असताना परत आत घालण्यासाठी, अंगणातून घरात आणण्यासाठी, पाहुण्यांना दाखवण्यासाठी आणि आपल्याला ती मांडीवर हवी असते म्हणून. यांतले एकही कारण तिच्या गरजेचे नव्हते. खरोखर टाळता येणार नाही असे उचलणे फार थोडे उरले: नखे कापणे, पोटाकडचा भाग तपासणे, दवाखान्यात नेणे, आणि आग लागण्यासारखा एखादा प्रसंग. मग काम दोन भागांत विभागले गेले. जे उचलणे अनावश्यक आहे त्यासाठी घराची मांडणी बदलायची; जे आवश्यक आहे ते तिला आधी कळेल आणि सहन होईल इतके हळूहळू शिकवायचे.

घराची मांडणी बदलणे हा भाग लवकर उरकला. पिंजरा ओट्यावरून काढून आतल्या खोलीत जमिनीवर ठेवला आणि त्याचे दार दिवसभर उघडे राहील असे बांधून टाकले. दारापुढे पायपुसणे टाकले, कारण गुळगुळीत फरशीवर सशाचे पाय घसरतात आणि घसरणारा ससा आधीच घाबरलेला असतो. विजेच्या वायरी उचलून भिंतीवर खिळल्या. पिंजरा झाडायचा तो ती बाहेर असतानाच, असा नियम केला, कारण वयात आलेली मादी आपल्या जागेची राखण करते आणि तिच्या बिळात शिरणारा हात तिला कधीच आवडणार नाही. संध्याकाळी ताजी कोथिंबीर पिंजऱ्यात ठेवून स्टीलची वाटी चमच्याने वाजवली की ती आपण होऊन आत जाऊ लागली. तिला घालावे लागणे आणि तिचे जाणे या दोन गोष्टींतला फरक इतक्या स्वस्तात मिळत असताना माणसे सशाच्या मागे घरभर का धावतात, याचे मला नवल वाटते.

विश्वासाच्या कामाला मात्र थंडीचे सगळे दिवस लागले. ससा पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत जागा असतो, म्हणून त्या वेळी मी खोलीत जमिनीवर मांडी घालून वाचत बसू लागले. तिच्याकडे पाहायचे नाही, हात पुढे करायचा नाही, ती जवळ आली तरी हलायचे नाही. उभ्या माणसाची उंची सशाला घारीच्या सावलीसारखी भासते आणि बसलेला माणूस त्याच्या जगात मावतो. सुरुवातीला ती पिंजऱ्याच्या दारातून मागचा पाय जमिनीवर आपटून धोक्याची सूचना देई. पुढे ती माझ्या पदराचा वास घेऊ लागली, मग पुस्तकाच्या कोपऱ्यावर हनुवटी घासून गेली. सशाच्या हनुवटीखाली गंधग्रंथी असतात आणि ती घासून तो वस्तू आपल्या म्हणून नोंदवतो. माझ्या गुडघ्यावर ती हनुवटी घासली गेली त्या दिवशी मुलीने घरभर ही बातमी सांगितली.

हातांनी स्पर्श करण्याचा क्रम आम्ही तिच्या आवडीवरून ठरवला. कपाळ, कानांच्या मुळाशी असलेली जागा आणि गाल येथे सशाला हात लावलेला आवडतो. हनुवटी, पोट आणि पाय येथे आवडत नाही. हात समोरून न आणता बाजूने, तिच्या नजरेच्या टप्प्यात, जमिनीलगत सरकवत आणायचा आणि त्याआधी प्रत्येक वेळी तिचे नाव घ्यायचे, म्हणजे अधू नजरेची उणीव कानांनी भरून निघते. ती डोके खाली टेकवून सपाट झाली की कुरवाळण्याची परवानगी आहे असे समजायचे. अंग ताठले, डोळ्यांच्या कडा पांढऱ्या दिसल्या किंवा तिने तोंड फिरवले, की हात मागे घ्यायचा. हा हात मागे घेणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. नको म्हटल्यावर माणूस थांबतो हे एकदा सशाला पटले की त्याला पळण्याची किंवा चावण्याची गरजच उरत नाही. कुरवाळताना तिने दात अगदी हलके, जाणवतील न जाणवतील असे घासले, तो समाधानाचा आवाज होता. मोठ्याने, करकर दात खाणे मात्र वेदनेचे लक्षण असते, आणि हा भेद घरातल्या प्रत्येकाला माहीत असावा.

बक्षिसासाठी आमच्या भागात केळ्यासारखी सोय नाही. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले जळगावचे केळे आमच्या घरात बारमाही असते आणि कपाशीला त्याचा वास दुसऱ्या खोलीतून लागतो. केळ्यात साखर भरपूर असल्यामुळे सशाच्या आतड्यांना ते जास्त झाले तर बाधते. म्हणून करंगळीच्या नखाएवढे तुकडे करायचे आणि दिवसाकाठी दोन-तीनच द्यायचे. सशाचा मुख्य आहार वाळलेले गवतच असला पाहिजे. आम्ही मारवेल गवत घेतो आणि त्यातली कुसळे निवडून काढतो, कारण ती तोंडात आणि डोळ्यांत रुततात. केळे हे फक्त शिकवणीचे नाणे म्हणून राखून ठेवल्यामुळे त्याची किंमत कपाशीच्या लेखी कधी उतरली नाही.

तळवे भरून आले, त्यांवर केस उगवले आणि डॉक्टरांनी होकार दिला, त्यानंतर उचलण्याच्या तयारीला सुरुवात केली. ही तयारी किती बारीक पायऱ्यांनी करावी लागते याची कल्पना करून घेतल्याशिवाय कोणी तिच्या वाटेला जाऊ नये. पहिल्या पायरीला नुसता हात तिच्या बरगडीला बाजूने टेकवायचा, ‘वर’ हा शब्द उच्चारायचा, हात काढायचा आणि केळ्याचा तुकडा द्यायचा. हे तिला कंटाळवाणे वाटू लागले, म्हणजे हात टेकताच ती केळ्यासाठी नाक हलवू लागली, की पुढची पायरी: हात छातीखाली, पुढच्या पायांच्या मागे सरकवायचा. त्यानंतर दुसरा हात पाठीमागून आणून शेपटीखाली ढुंगणाला टेकवायचा. मग दोन्ही हातांचा किंचित दाब, पाय जमिनीवरच. मग पुढचे पाय बोटभर वर आणि लगेच खाली. प्रत्येक वेळी शब्द आधी, स्पर्श नंतर; शब्दाशिवाय स्पर्श कधीच नाही, आणि शब्द उच्चारल्यावर ती बाजूला झाली तर त्या दिवसापुरते काम बंद. काही दिवस ती बाजूला होत राहिली, तेव्हा आम्ही एक पायरी खाली उतरून तिथेच रेंगाळलो. एका बैठकीला दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ द्यायचा नाही, हे पथ्य मी कसोशीने पाळले, आणि मुलीनेही पाळले, ज्याचे मला तिच्या वयाच्या मानाने फार कौतुक वाटते.

पाय चारही जमिनीवरून सुटण्याचा क्षण निराळा असतो आणि त्याची गुळगुळीत अशी पायरी करता येत नाही. मी जमिनीवर मांडी घालून बसले, तिला मांडीला लागून उभी राहू दिले आणि शब्द देऊन, एक हात छातीखाली व दुसरा ढुंगणाखाली धरून, तिला उचलण्याऐवजी माझ्या मांडीवर सरकवून घेतले. तिच्या अंगाची संपूर्ण बाजू माझ्या पोटाला टेकलेली होती, मागचे पाय तळहातावर भक्कम होते, आणि डोके माझ्या कोपराच्या आडोशाला गेले. अंधार आणि आडोसा मिळाला की बिळाच्या जवळ आल्यासारखे सशाचे मन थोडे निवते. तिने लाथ मारली नाही. मनात दहा मोजून मी तिला मागचे धड आधी टेकेल अशा रीतीने खाली ठेवले. तोंड पुढे करून सोडले तर ससा हातातूनच उडी घेतो आणि बहुतेक इजा त्या उडीत होतात. त्यानंतरही कित्येक दिवस मांडीच्या उंचीपेक्षा वर तिला नेले नाही, आणि उभे राहून तर अजूनही मी तिला अगदी नाइलाज असेल तेव्हाच घेते.

याच्याच जोडीने पेटीचे शिक्षण चालू होते, आणि पुढे त्याचा उपयोग उचलण्याच्या शिक्षणापेक्षाही अधिक झाला. मांजरांसाठी मिळणारी, वरचा भाग क्लिपा काढून वेगळा होतो अशी प्लास्टिकची पेटी आम्ही जळगावहून आणली. तिचा वरचा भाग काढून नुसते खालचे तबकडे खोलीत ठेवले, त्यात तिच्याच अंगाचा वास असलेले गोधडीचे तुकडे घातले आणि रोजचे गवत तिथेच देऊ लागलो. काही आठवड्यांनी वरचा भाग बसवला, नंतर दार लावून लगेच उघडले, नंतर दार लावून पेटी वीतभर उचलून परत ठेवली. ‘चल’ म्हटले की पेटीत जायचे, एवढे तिला आले. सशाला जे उचलणे भयंकर वाटते ते अंगाला विळखा पडून होणारे उचलणे असते. बिळासकट वर जाण्याला तिचा फारसा आक्षेप दिसला नाही, फक्त पेटी हिंदकळता कामा नये, खालून दोन्ही हातांनी धरावी लागते.

नखांचे काम आम्ही एका दमात करण्याचा हट्ट सोडून दिला. तिची नखे फिकट असल्यामुळे आतली गुलाबी रक्तवाहिनी स्पष्ट दिसते. काळ्या नखांना मोबाईलचा टॉर्च मागून धरला तर दिसते. ती मांडीला टेकून मेथी खात असताना मुलगी पान धरते आणि मी पंजा किंचित उचलून एक किंवा दोन नखांची टोके कापते. साधारण महिना-दीड महिन्यात सगळी नखे कापायला हवीत, तेव्हा रोज एखादे कापले तरी हिशोब बसतो. चुकून रक्त आले तर दाबून धरायला कॉर्नफ्लोरची वाटी जवळ असते. पोटाकडचा आणि शेपटीखालचा भाग पाहण्यासाठी तिला पालथे-उताणे करावे लागत नाही: कोथिंबीर थोडी उंच धरली की ती पुढचे पाय पाटावर टेकवून मागच्या पायांवर उभी राहते आणि मागे बसलेल्या माणसाला सगळे नीट दिसते. पावसाळ्यात हे रोज पाहावे लागते, कारण तिथे ओल किंवा घाण राहिली तर माश्या अंडी घालतात आणि अळ्या एका दिवसात सशाचा जीव घेऊ शकतात.

उताणे करण्यावरून एक सांगणे आवश्यक आहे. घरी येणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी सशाला पाठीवर झोपवून पोट चोळले की तो कसा गाढ झोपतो, हे दाखवण्याची तयारी दर्शवतो. ती झोप नसते. शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर, सुटण्याची आशा संपल्यावर, प्राणी जसा निपचित पडतो, तशी ती भीतीने आलेली ताठरता असते. ती शांत वाटते म्हणून तिचा वापर करणे मला क्रूर वाटते आणि आमच्या घरात ते कोणालाही करू दिले जात नाही, मग पाहुणे कितीही जवळचे असोत. लहान मुले आली तर त्यांना जमिनीवर बसवून हातात कोथिंबिरीची काडी दिली जाते. बहुतेक मुले एवढ्यावर पूर्ण समाधानी होतात; उचलून घेण्याचा आग्रह मोठ्यांचाच अधिक असतो.

मग उन्हाळा आला. खान्देशातला मे महिना म्हणजे पारा ४४-४५ अंशांवर, आणि सशाला साधारण ३० अंशांच्या पुढेच त्रास होऊ लागतो. त्याला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो, म्हणून नुसत्या पंख्याने त्याला फारसे हायसे वाटत नाही. आमच्याकडचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे कूलर उत्तम काम देतो, पण कूलर पुढच्या खोलीत आणि कपाशी आतल्या खोलीत. रोज सकाळी दहाच्या सुमारास तिला तिकडे आणि संध्याकाळी परत न्यायचे होते, आणि गरमीत झटापट करून सशाला उचलणे म्हणजे त्याच्या अंगातली उष्णता आणखी वाढवणे. इथे पेटी कामी आली. ‘चल’ म्हटले की ती आत, पेटी पुढच्या खोलीत, दार उघडे. कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली पेटीशेजारी ठेवलेली असे आणि दुपारभर ती तिला टेकून पसरलेली असे. एका दुपारी वीज गेली, कूलर बंद पडला, तिचे कान तापले आणि श्वास जोरात चालू लागला, तेव्हा मी शब्द देऊन तिला मांडीवर घेतले, साध्या माठातल्या पाण्यात भिजवलेला फडका तिच्या कानांवरून फिरवत राहिले आणि ती तेवढा वेळ बसून राहिली. बर्फाचे पाणी अशा वेळी वापरू नये, त्याने कानांतल्या वाहिन्या आकसतात. उचलण्याचे शिक्षण कशासाठी दिले, याचे उत्तर त्या दुपारी मिळाले.

पावसाळ्यात ती आजारी पडली. सकाळी कोथिंबिरीकडे तिने पाहिले नाही, रात्रीचे गवत तसेच होते आणि लेंड्या जवळजवळ नव्हत्या. सशाला उलटी करता येत नाही, त्याची आतडी सतत चालू राहावी लागतात, आणि दहा-बारा तास त्याने काही खाल्ले नाही तर वाट न पाहता डॉक्टर गाठावा लागतो. मी ‘चल’ म्हणायला गेले, तर ती आधीच पेटीत जाऊन कोपऱ्यात अंग चोरून बसलेली होती. पेटीवर ओढणी टाकून आम्ही एसटीने धुळ्याला गेलो. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला दारातून ओढून न काढता पेटीचा वरचा भाग अलगद काढला आणि ती खालच्या तबकड्यात आपल्या गोधडीवर बसलेली असतानाच पोट तपासले, कातडीखाली सलाईन दिले, वेदना कमी करण्याचे आणि आतडी चालवण्याचे औषध दिले. घरी आल्यावर सिरिंजने पातळ खाद्य भरवायचे होते. तेही तिला न उचलता, जमिनीवर तिच्या शेजारी बसून, तोंडाच्या बाजूने, दातांमधल्या मोकळ्या जागेतून थोडे थोडे देता येते. एक खबरदारी डॉक्टरांनी आवर्जून सांगितली ती इथे नोंदवते: माणसांना सर्रास दिले जाणारे अमॉक्सिसिलिन सशाला तोंडाने कधीही देऊ नये, त्याने आतड्यांतले उपयुक्त जिवाणू मरतात आणि ससा दगावू शकतो. दुसऱ्या दिवशी दुपारी पेटीत लेंड्या दिसल्या आणि सासूबाईंनी त्या मला बोलावून दाखवल्या.

कपाशीला उचलून घेणे आजही आवडत नाही. तिने आवडून घ्यावे हा आमचा हेतूच नव्हता. ‘वर’ म्हटल्यावर ती अंग थोडे आखडते, पण पळत नाही; मांडीवर काही मिनिटे बसते, आणि उतरायचे असले की पंजाने माझ्या मनगटावर खाजवल्यासारखे करते, तेव्हा मी तिला लगेच खाली ठेवते. खाली आल्यावर ती पूर्वीप्रमाणे कोपऱ्यात न पळता बहुधा तिथेच थांबून केळ्याचा तुकडा मागते. आठवड्यातून एकदा तिचे वजन करावे लागते, कारण खाणे कमी झाल्याचे वजनावरून आधी कळते. त्यासाठी जमिनीवर ठेवलेल्या सपाट काट्यावर तिची चटई अंथरली आहे. वाटी वाजली की ती आपण होऊन काट्यावर चढते, मुलगी आकडा वहीत लिहून घेते, आणि गेल्या महिन्यापासून तो २ किलो १०० ग्रॅमच्या आसपास स्थिर आहे.